मोठी आई, माई आणि श्रावणातलं नाशिक

मावशीचा फोन आला की घर बदलतेय, नवा फ्लॅट लहान आहे, माळ्यावरची पितळी भांडी येऊन घेऊन जा नाहीतर मोडीत द्यावी लागतील. मोडीत म्हटल्यावर आईने पुढचं काही ऐकलंच नाही, मला म्हणाली तिकिटं काढ. लेकीच्या शाळेला जोडून सुट्टी मिळत होती म्हणून तिलाही घेतलं.

आधी माणसं सांगून टाकते म्हणजे पुढे गोंधळ नको. माई म्हणजे माझी आजी, आईची आई. मोठी आई म्हणजे माईची आई, माझी पणजी. दोघींची घरं जुन्या नाशकात दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती आणि माझी लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर गेली. मोठी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, माई मात्र माझं लग्न बघून गेली. दोघींची नावं इथे लिहीत नाही, घरातली आहेत, घरातच राहू देत.

शुक्रवार

कल्याणहून तपोवन एक्स्प्रेस. कसारा घाटात शिरलो आणि डबा गार पडला, दोन्ही बाजूंनी नुसतं धुकं आणि मधेच एखादा धबधबा, लेक खिडकीला नाक लावून बसली ती इगतपुरीला वडापाव आला तेव्हाच वळली. नाशिकरोडला उतरलो तर झिमझिम पाऊस, रिक्षा मिळाली, मावशीकडे पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते.

(श्रावणात नाशिकला जाणार असाल तर एक सांगते, सोमवार त्र्यंबकेश्वरसाठी ठेवू नका. तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला एवढी माणसं येतात की नाशिकपासूनच बस आणि गाड्यांची गर्दी लागते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मधला कुठलाही वार बरा.)

मावशीकडे दारातच पुरणाचा वास आला. श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीची पूजा. भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, तोच आपला नेहमीचा, वर नरसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मधे लेकरं घेतलेल्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. आघाडा-दुर्वांची माळ, चणे-फुटाणे, गूळ. लेक कागदासमोर बराच वेळ उभी राहिली आणि विचारलं, ही बाई एवढी मुलं एकटी सांभाळते का? मावशी म्हणाली, सगळ्या आज्या सांभाळतात की गं.

मग औक्षण. पुरणाचे दिवे करून मावशीने आधी माझ्या लेकीला ओवाळलं, मग आईने मला. मी एक्केचाळीस वर्षांची बाई पाटावर बसले आणि आई समोर ताम्हन घेऊन, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हेच सगळं मोठी आई करायची आणि तिचा हात थरथरायचा म्हणून दिव्याची ज्योत माझ्या कपाळाच्या अगदी जवळ यायची, माई मागून म्हणायची "आई, जरा लांबून" आणि मोठी आई म्हणायची "लांबून ओवाळलं तर लागत नाही तिला". मावशीचा मुलगा कॅनडात असतो. मावशीने अक्षता हातात घेतल्या आणि चारी दिशांना टाकल्या, जो मुलगा घरी नाही त्याला असंच ओवाळतात आमच्याकडे. माईनेही टाकलेल्या मला आठवतात, मामा मिलिटरीत होता तेव्हा. तेव्हा तो नेमका कुठल्या दिशेला आहे ते घरात कुणालाच माहीत नसायचं, म्हणून चारी दिशा.

जेवणात पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवड्या, भात. जेवल्यावर आई आणि मावशी पान घेऊन बसल्या आणि विषय मोठ्या आईच्या खलबत्त्यावर गेला. तिच्या तोंडात एक दात नव्हता, पान तर हवंच, म्हणून एवढासा लोखंडी खलबत्ता होता. दुपारी चारला ती हाक मारायची आणि आमच्यातलं जे पहिलं पोचेल त्याने कुटायचं, पान, कात, चुना अगदी टोकाला लावलेला, सुपारी आधीच अडकित्त्याने बारीक केलेली, आणि शेवटी बडीशेप. कुटणाऱ्याला चिमूटभर मिळायचं. मी मधे मधे जीभ आरशात बघून यायचे लाल झाली का. तिच्या कनवटीला खडीसाखरेचे खडे असायचे, तेही मिळायचे, त्यांना तपकीर आणि कापूर असा मिळून एक वास लागलेला असायचा आणि मला खडीसाखरेचा वास तोच असतो असं कितीतरी वर्षं वाटत होतं.

संध्याकाळी पाऊस थांबला तसे आम्ही जुन्या नाशकात गेलो. भद्रकालीवरून चालत तिवंधा चौक, मग सराफ बाजाराकडे. मोठ्या आईचा वाडा आता नाही, तिथे चार मजली बिल्डिंग आहे, खाली मोबाइलचं दुकान. आई त्या दुकानासमोर उभी राहून हाताने दाखवत होती की इथे दिंडी दरवाजा, इथे आड, इथे चूल, आणि दुकानातला मुलगा आधी बघत राहिला मग स्टूल घेऊन बाहेर आला, म्हणाला काकू बसा ना, सांगा. आई बसली. त्याने दोन गिऱ्हाइकं थांबवून ठेवली.

तिवंध्याला रस्त्याखाली रहाड आहे, पेशव्यांच्या काळातला रंगाचा हौद, वर्षभर बुजवलेला असतो आणि फक्त रंगपंचमीला उघडतात. फुलं उकळून रंग करतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. माणसं त्यात धप्पा मारतात म्हणजे उडी टाकतात, तो आवाज गल्लीभर जातो. आम्हाला माडीवरून बघायची परवानगी होती आणि माई आमच्या परकराच्या मागचा काठ मुठीत धरून उभी राहायची. नाशिकबाहेरच्या लोकांना रहाड फारशी माहीत नसते, होळीनंतरच्या पंचमीला इकडे यायचं जमलं तर नक्की या, जुने कपडे घालून आणि मोबाइल घरी ठेवून.

परत येताना कोंडाजीचा चिवडा घेतला. लेकीला तिखट लागला, तिने दह्याबरोबर संपवला.

शनिवार

सकाळी लवकर पांडवलेणी. हे माझ्या डोक्यातून निघालेलं, आई म्हणत होती पायऱ्या जमतील का, पण दोनेकशे पायऱ्या आहेत आणि चढ सोपा आहे, थांबत थांबत गेलो. शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. डोंगराचं नाव त्रिरश्मी, लेणी चोवीस. (सकाळी जा, शनिवार-रविवारी दहानंतर कॉलेजची मुलं आणि सहली येतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चपला रबरी तळाच्या घाला, पाणी खालूनच घेऊन चढा.)

मी जे बघायला गेले होते ते तिसऱ्या नंबरच्या लेण्यात आहे. दर्शनी बाजूला सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर सगळा भार घेऊन बसलेत, आणि आत व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, वर छताजवळ ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. तिथे एक कॉलेजची मुलगी वही घेऊन अक्षरं उतरवत होती, तिच्याशी बोलायला लागलो आणि पुढचा तास कसा गेला कळलं नाही. तिने लेकीला आधी क आणि र ओळखायला शिकवलं, क म्हणजे अधिकचं चिन्ह आणि र म्हणजे उभी रेघ. मग लेख कुणाचा ते सांगितलं.

लेख गौतमी बलश्रीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं त्या लेखात लिहिलंय, त्याची ती आई. पण लेख कोरला तेव्हा गादीवर तिचा नातू होता, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. हे लेणं बलश्रीने भिक्खूंना दिलं. आणि त्यात तिने स्वतःची ओळख दिलीय ती अशी की मी महाराजाची आई, महाराजाची आजी. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी आणि तप, नियम, उपवास करणारी. उपवास म्हटल्यावर आई पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या माईसारखीच." माईचे सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, आठवड्यातून जेमतेम तीन-चार दिवस ती नीट जेवायची.

पण मला आत कुठेतरी लागलं ते शेवटचं वाक्य. नातवाने, म्हणजे दक्षिणापथाच्या राजाने, आजीची सेवा घडावी आणि तिला बरं वाटावं म्हणून त्या लेण्यासाठी एक गाव दिलं. हे दगडात लिहिलंय. आजीला बरं वाटावं म्हणून. मुलगी बोटाने दाखवत होती आणि मी त्या अक्षरांकडे बघत होते, एकही वाचता येत नव्हतं, आणि मला आठवत होतं की दहावीच्या निकालानंतर पेढे घेऊन मी आधी माईकडे धावले होते. निकाल शाळेचा होता पण वाट ती बघत होती.

पांडवलेण्यांना जाणाऱ्या लोकांना माझं मनापासून सांगणं आहे, बुद्धमूर्ती बघा, चैत्य बघा, पण तिसऱ्या लेण्यात मान वर करून पाच मिनिटं उभे राहा. आपल्याकडच्या बायकांची नावं जुन्या कागदांत सापडत नाहीत म्हणून आपण हळहळतो, इथे एका आजीने स्वतः लिहवून घेतलंय.

दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मावशीचा शनिवार असतो. नाशिकची भगर सगळीकडे जाते, मावशीकडे ती आधी कोरडी भाजून घेतात म्हणून मोकळी होते, चिकट गोळा होत नाही. वर थोडं तूप. आम्हा उपास नसलेल्यांनीही तेच खाल्लं आणि परत घेतलं.

चार वाजता पंचवटी. गाडी घेऊन जाऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंगला जागा नसते, रिक्षाने रविवार कारंजा आणि तिथून पूल ओलांडून चालत. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी बरंच होतं, गढूळ, दुतोंड्या मारुतीच्या पायाच्या वर. नाशिककर पुराचं माप मारुतीवरून सांगतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि डोक्यावरून गेलं तर सराफ बाजार गेला असं समजायचं. १९६९ च्या पुरात माईच्या घरात पाणी शिरलं होतं. मोठी आई तेव्हा सत्तावन्न वर्षांची, नऊवारीचा काचा मारून एकेक हंडा माडीवर नेत होती आणि आजोबा ओरडत होते की भांडी राहू द्या, आधी तुम्ही वर या. ती शेवटच्या पातेल्यासकट वर आली. त्यातलीच भांडी आता आम्ही न्यायला आलोय, हे आईने मला तिथे घाटावर उभं राहून सांगितलं.

काळाराम मंदिरात गेलो. काळ्या दगडाचं, सरदार रंगराव ओढेकरांनी १७९० च्या सुमाराला बांधलेलं. पूर्वेच्या दाराशी आई थांबली. डॉ. आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला इथेच सुरू झाला, दारं बंद होती आणि सत्याग्रही दारांसमोर उन्हात बसले होते, त्यात बायकाही खूप होत्या. मोठी आई त्या दिवसांत पंचवटीत नणंदेकडे आलेली, वय अठरा. पुरुषांनी घरातल्या बायकांना खिडकीशीसुद्धा जायची बंदी केली होती. ती माजघरात बसून बाहेरचा आवाज ऐकत होती. पुढे म्हातारपणी, कसला काही विषय नसताना, जेवता जेवता ती माईला म्हणाली होती, "त्या बाया उन्हात बसल्या होत्या गं. त्यांना पाणी द्यायला हवं होतं. आमच्यातल्या एकीनेही दिलं नाही." आईने हे माईकडून ऐकलेलं. मला तिने आजवर सांगितलं नव्हतं, त्या दिवशी दारापाशी सांगितलं, लेकीसमोर. आणि लेकीने विचारलं की मग आता देवळात कुणीही जाऊ शकतं ना, आई म्हणाली हो, पण ते त्या बायकांमुळे.

तिथून सीतागुंफेच्या बाजूला माईची एक जुनी मैत्रीण राहते, वय अठ्ठ्याऐंशी. जायचं ठरवलेलं नव्हतं, मावशी म्हणाली जवळच आहोत तर डोकावू. आजी पलंगावर बसून वाती वळत होत्या, आईला बघून म्हणाल्या, "अगं, तू त्या पोहणारणीची धाकटी ना?"

आई आणि मावशी एकमेकींकडे बघायला लागल्या. कोण पोहणारीण?

"तुमची आई! रामकुंडाच्या खालच्या अंगाला अशी सूर मारायची की पुरुष थांबून बघायचे. तुम्हाला नाही सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. माई, जी आम्हाला घाटाच्या तिसऱ्या पायरीच्या खाली पाय ठेवू द्यायची नाही, ती पोहायची. आजींनी मग सगळंच सांगितलं. शिकवलं मोठ्या आईने. गल्लीतल्या पोरींना पहाटे, पुरुष यायच्या आधी, परकर-पोलक्यात, पाठीला सुकलेला भोपळा बांधून. स्वतः पायरीवर उभी राहून ओरडायची. मोठ्या आईची धाकटी बहीण लहानपणी आडात पडून गेली होती, हे आम्हाला माहीत होतं, पण त्याच्या पुढचं माहीत नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला नावं ठेवायला आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, "पोरींना पाणी भरायला धाडता, पोहायला शिकवत नाही, आणि मग आडात पडली की रडत बसता." आजींनी हे सांगताना आवाज चढवला होता, अगदी मोठ्या आईचा असेल तसा. पाच-सहा पोरी शिकल्या, त्यातल्या या आजी एक. "अजून जिवंत आहे ती त्या भोपळ्यामुळे," म्हणाल्या, एकदा पावसाळ्यात घाटावरून पाय घसरला होता, स्वतःच्या हाताने बाहेर आल्या.

आणि मला एकदम माझा मे महिना आठवला. मला पोहायच्या क्लासला घातलं होतं नाशिकला, माई रोज बरोबर यायची, कट्ट्यावर माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसायची आणि मधेच ओरडायची, "पाय मार! गुडघ्यातून नको, वरून मार!" मला तेव्हा वाटायचं सरांचं ऐकून म्हणतेय. सरांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं.

निघताना आजींनी लेकीला विचारलं तुला येतं का पोहायला. येतं म्हटल्यावर तिच्या हातावर वळलेल्या वाती ठेवल्या आणि गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

(घरात किंवा ओळखीत ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना तुमच्या आजीबद्दल विचारा, आणि प्रश्न असा विचारा की ती लहान असताना काय करायची. स्वभाव कसा होता विचारलं तर सगळे "फार प्रेमळ" म्हणून मोकळे होतात. दुपारची झोप झाल्यावर, साडेचार-पाचला जा, आणि खायला मऊ काहीतरी न्या.)

रात्री मावशीने माळ्यावरून भांडी काढली. हंडा, कळशी, दोन परात, पुरणयंत्र, पातेली एकात एक बसवलेली, सगळी काळवंडलेली. चिंच आणि मीठ घेऊन आम्ही चौघी मोरीत बसलो. सगळ्यात लहान पातेलं लेकीच्या वाट्याला आलं होतं, तिने ओरडून सांगितलं इथे टिंबं आहेत. काठाखाली टिंब टिंब करून नाव घातलेलं, पूर्वी तांबट असंच घालून द्यायचे. चि. सौ. कां. मग एक नाव जे आमच्यापैकी कुणालाच ओळखीचं नाही, मग "हिस आजीकडून, शके १८४६".

शके १८४६ म्हणजे १९२४. मोठ्या आईच्या लग्नाचं वर्ष. ते नाव तिचं माहेरचं. बाराव्या वर्षी लग्न झालं, नाव बदललं आणि ते पहिलं नाव पुढच्या साठ-सत्तर वर्षांत घरात कुणी घेतलंच नाही, तिच्या मुलीच्या मुलींनाही माहीत नव्हतं. आणि पातेलं दिलं होतं तिच्या आजीने. माझ्या पणजीची आजी! मावशी मोरीतच बसून रडायला लागली, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, दोघींचे हात चिंचेने माखलेले. सकाळी लेण्यात बघितलेलं मला त्या क्षणी आठवलं, तिथे राजाची आजी होती आणि इथे त्र्यंबककडच्या कुठल्याशा घरातली एक बाई, जिने नातीला सासरी धाडताना तांबटाला सांगितलं असेल की पोरीचं नाव घाल, आमचं दिलेलं घाल, आणि खाली माझं नातं घाल.

रविवार

सप्तशृंगी गड. गाडी ठरवली होती, ड्रायव्हर दिंडोरीकडचा. साठेक किलोमीटर, नांदुरीपर्यंत रस्ता चांगला, पुढे घाट आणि घाटात इतकं धुकं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नव्हते. ड्रायव्हरदादा शांत होता, त्याच्या आजीने त्याला सांभाळलं, आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे आमच्या गप्पांत तोही आला. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी आजीच्या हातची, बाकी कुठली गोड लागत नाही म्हणाला.

गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, आई-मावशी तिने गेल्या. मी आणि लेक पायऱ्यांनी, पाचशेच्या आसपास आहेत. मोठी आई दर चैत्रात चढायची आणि माईने शेवटचं चढताना प्रत्येक वळणावर बसून नाव घेतलं होतं, हे आईने बजावून पाठवलं होतं म्हणून आम्हीही वळणावर बसलो.

देवी अठराभुजा, आठेक फूट उंच, डोंगराच्या कड्यातच कोरलेली, मान थोडी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती वाचतात आणि देवी कान देऊन ऐकते असं मोठी आई सांगायची. मी लहानपणी बघितलेली देवी शेंदराने लाल, डोळे मोठे. २०२२ मध्ये मूर्तीवरचं शेंदराचं जुनं कवच काढलं आणि आतली मूळ मूर्ती दिसायला लागली, मी त्यानंतर पहिल्यांदाच गेले. अवयव, दागिने, बोटं सगळं स्पष्ट. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मोठ्या आईने हे रूप कधी बघितलंच नाही गं. तिला चेहरा परका वाटत होता. मला नाही वाटला. मी कललेल्या मानेकडेच बघत होते आणि ती तशीच होती.

(ट्रॉलीला सुट्टीच्या दिवशी रांग असते, सकाळी नऊच्या आत पोचा. माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, सॅकमध्ये टाका. पावसाळ्यात वर हवा चांगलीच गार, वयस्कर माणसांना स्वेटर लागतो.)

उतरताना नांदुरीच्या फाट्यावर एक म्हातारी आणि तिची नात करटुली विकत होत्या. आईने घेतली, भाव केला नाही. म्हातारीने कशी करायची विचारलं, आईने सांगितलं कांदा घालून, तर म्हातारी नाही म्हणाली, कांदा नको, नुसतं तेल-मीठ-मिरची आणि झाकण न ठेवता. नातीने मधेच सांगितलं, "आज्जी बरोबर सांगते, झाकलं का कडू होतात." मावशीने रात्री तसंच केलं. बरोबर होतं.

रात्री भांडी वाटली. हंडा आणि कळशी मावशीच्या सुनेसाठी, पुरणयंत्र आईला, परात एक-एक. लहान पातेलं कुणी मागितलं नाही आणि कुणी सोडलंही नाही, शेवटी मावशीनेच ते जुन्या लुगड्यात गुंडाळून लेकीच्या सॅकमध्ये घातलं, म्हणाली टिंबं हिला दिसली.

सोमवार

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस. रिझर्वेशन आधीच करा, रोज जाणारे-येणारे नाशिककर डबे भरून असतात, त्यांच्यातल्याच एका बाईंनी आमची परात वरच्या रॅकवर ठेवायला मदत केली आणि मग त्यांच्या आजीच्या परातीची गोष्ट इगतपुरीपर्यंत सांगितली.

पितळेची जुनी भांडी मिळाली तर एक करा, कल्हई केल्याशिवाय त्यात काही आंबट शिजवू नका, कळकतं आणि पोटाला त्रास होतो. कल्हईवाले आता दारावर क्वचित येतात, भांड्यांच्या जुन्या बाजारात विचारलं की पत्ता लागतो. मी बाहेरून पॉलिश करू दिलं नाही, मशीनने घासलं की टिंबं झिजतात, आतून फक्त कल्हई.

येत्या शुक्रवारी आई आमच्याकडे येतेय आणि त्या पातेल्यात कटाची आमटी करणारे. सध्या फोनवर भांडण चालू आहे, आई म्हणते मोठी आई आमटीत भाजलेलं खोबरं वाटून घालायची, मावशी शपथेवर सांगते की खोबरं माई घालायची, मोठ्या आईची नुसती काळ्या मसाल्याची असायची आणि वरून चिंच-गूळ. सीतागुंफेजवळच्या आजींना विचारायचं ठरलंय. मावशी उद्या साडेचारला जाणार आहे, मऊ शिरा घेऊन.